वाट पाहणाऱ्यांचे गद्य

रावेतमध्ये समुद्राचा विषय निघण्याचे तसे काही कारण नाही. इथे पाणी म्हटले की पवनेवरचा बंधारा आठवतो. पिंपरी-चिंचवडच्या नळांना येणारे पाणी तिथून उचलले जाते. घरोघरची मुले चाकणच्या कारखान्यांत, हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत, नाहीतर थेट परदेशी. माझा मुलगा नौदलात गेल्याचे ऐकून आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी ‘म्हणजे मर्चंट नेव्हीत ना?’ असे विचारले. ‘नाही, लढाऊ नौदलात,’ असे सांगितल्यावर ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, ‘अभिमानाची गोष्ट आहे.’ त्यांच्या त्या गप्प राहण्याविषयी आणि नंतरच्या त्या वाक्याविषयी मला लिहायचे आहे.

मुलगा अग्निवीर म्हणून भरती झाला. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत साडेसतराव्या वर्षापासून प्रवेश मिळतो, सेवा चार वर्षांची असते आणि त्यानंतर एका तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. नौदलाच्या अग्निवीरांचे पहिले प्रशिक्षण ओडिशात, आयएनएस चिल्का येथे होते. त्यांच्या पहिल्या तुकडीचे दीक्षान्त संचलन २८ मार्च २०२३ रोजी झाले. सुमारे २६०० जण त्यात होते आणि त्यांत २७० हून अधिक मुली होत्या. माझा मुलगा त्यानंतर वर्षभराने तिथून बाहेर पडला. तोवर आम्हा रावेतकरांची नौदलाशी ओळख काय, तर लोणावळा लोकलमध्ये दिसणारी बारीक केस कापलेली, ताठ बसणारी मुले. घाटमाथ्यावर, समुद्रापासून इतक्या दूर, १९४५ पासून नौदलाची सागरी अभियांत्रिकीची शाळा आहे, ती आयएनएस शिवाजी. आकुर्डी स्थानकावर त्या मुलांना पाहताना त्यांच्या आयांचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

चिल्क्यातल्या संचलनाच्या सुमारास कोणीतरी मराठी पालकांचा व्हॉट्सॲप गट काढला. पुणे, सातारा, सांगली, बीड, जळगाव अशा ठिकाणचे साठेक जण त्यात आहेत. त्यांत शेतकरी आहेत, एसटीचे वाहक आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, एक निवृत्त हवालदार आहेत. चाकणच्या एका कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाणारे एक गृहस्थ आहेत. शॉप फ्लोअरवर जाताना त्यांना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. ते एकदा म्हणाले, ‘मॅडम, पोराचा फोन तिकडं जमा, माझा इकडं जमा. बोलायचं कुणी?’

प्रशिक्षणाच्या काळात मुलाचा आठवड्यातून एखादा फोन येई. पुढे जहाजावर गेल्यावर तोही भरवसा उरला नाही. ‘सेलिंगला गेलाय’ हा आमच्या गटातला सर्वांत अधिक वापरला जाणारा शब्दप्रयोग. कुठे, किती दिवस, कोणत्या जहाजावर, हे त्यात येत नाही आणि येऊही नये. डिसेंबर २०१९ मध्ये समाजमाध्यमांच्या जाळ्यात अडकून माहिती फोडल्याच्या आरोपावरून सात नौसैनिकांना अटक झाली होती. त्याच महिन्यात नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन व फेसबुक यांना बंदी घातली. त्यामुळे जहाजाचे नाव नाही, बंदर नाही, तारीख नाही, गणवेशातले छायाचित्र नाही, असे नियम आमच्या गटाने स्वतःच घालून घेतले. मुलाने मलाही बजावले होते, ‘आई, ग्रुपवर काही टाकू नकोस.’ या नियमांविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. स्थळ, काळ आणि पात्राचे नाव वर्ज्य केल्यावर निवेदनात काय उरते, हा प्रश्न वर्गात चर्चेला घ्यावा असा आहे. आमच्या गटात उरते ते असे: जेवला असेल का, त्याला उलट्यांचा त्रास आहे, इकडे पाऊस झाला, तिकडे काय असेल.

माझी तक्रार निराळीच आहे. पहिले काही महिने आमच्या गटात वरच्यासारखे एकही वाक्य आले नाही. रोज सकाळी तिरंगा, युद्धनौका, ‘वीरमाता’, ‘धन्य ते मातापिता’ अशा मजकुराचे तयार संदेश येत आणि त्याखाली साठ जणांचे हात जोडलेले. कोणी चुकून ‘बारा दिवस फोन नाही’ असे लिहिले, तर लगेच कोणीतरी समजावणीच्या सुरात लिही, ‘ताई, तुम्ही वीरमाता आहात, खचायचे नाही.’ त्या ताई पुन्हा काही लिहीत नसत. आमच्या आजोबांनी इमारतीच्या जिन्यात केले तेच इथे साठ जण एकमेकांना करीत होते. गप्प राहण्याची जागा अभिमानाने भरून टाकायची, म्हणजे पुढे बोलावे लागत नाही.

अभिमान खोटा असतो असे मला म्हणायचे नाही. मुलगा पांढऱ्या गणवेशात पहिल्यांदा समोर आला तेव्हा मला काय वाटले ते मी जाणते. पण आपण साहित्याचे अध्यापक रसांची नावे फळ्यावर लिहितो तेव्हा वीर आणि वत्सल यांचे दोन रकाने करतो. सैनिकांच्या आईवडिलांना समाज त्यांतला पहिलाच रकाना देतो. दुसऱ्यात काही लिहिले की ती कमकुवतपणाची, क्वचित देशप्रेमाच्या उणिवेचीही खूण मानली जाते. आधार हवा असलेल्या माणसाला हे फार एकटे पाडणारे असते.

याला मराठी वाङ्मयात काही पूर्वपीठिका आहे का, म्हणून मी शोधत गेले. जाणाऱ्याने लिहिलेले आपल्याकडे पुष्कळ आहे. १८५७ साली वरसईहून निघालेल्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आपण अभ्यासक्रमात शिकवतो. जाणाऱ्याने प्रवास लिहिला. त्या काळात वरसईच्या घरात काय चालले असेल, त्याचे पुस्तक झाले नाही. वाट पाहणे ही घटना नसते, तिला कथानक नसते, म्हणून ती गद्यात मावत नसावी. ती मावली ओवीत. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत आमच्या शेजारच्या मुळशी-मावळातल्या बायांचा वाटा मोठा आहे. लेकाविषयीच्या ओव्या त्यांत किती आहेत हे चाळणाऱ्याला लगेच कळेल. ओवी गाणाऱ्या बाईला कोणी उत्तर देत नव्हते. पण जात्याच्या दुसऱ्या बाजूला बहुधा दुसरी बाई बसलेली असे आणि तिचा हात त्याच खुंट्यावर असे. मला वाटते, आधार या शब्दाचा अर्थ तेवढाच आहे. ओवीला कोणी ‘खचायचे नाही’ असे उत्तर दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आमच्या गटाचा सूर बदलला तो ८ मे २०२५ च्या रात्री. पहलगामचा हल्ला २२ एप्रिलला झाला होता. ‘ऑपरेशन सिंदूर’ ७ मेच्या पहाटे सुरू झाले. त्याआधीच बहुतेकांच्या मुलांचे फोन थांबले होते. संरक्षण दलांच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नये, अशी सूचना माहिती व प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिललाच प्रसारमाध्यमांना दिली होती. तरीही ८ मेच्या रात्री अनेक वृत्तवाहिन्यांनी नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याचे सांगायला सुरुवात केली. पडद्यावर ज्वाळा होत्या, सूत्रसंचालक ओरडत होते. आमच्या सोसायटीच्या गटावर फटाक्यांची चित्रे येऊ लागली. शेजारच्या फ्लॅटमधून टाळ्या ऐकू आल्या.

बातमी खोटी होती. ११ मेच्या पत्रकार परिषदेत व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितले, त्यातून चित्र स्पष्ट झाले: नौदल अरबी समुद्रात पूर्ण सज्ज होते, कराचीसह निवडक लक्ष्यांवर मारा करण्याच्या तयारीत होते, आदेशाची वाट पाहत होते. म्हणजे ८ तारखेला ज्या लढाईवर लोकांनी टाळ्या वाजवल्या ती झालीच नव्हती. पण त्या रात्री आम्हाला हे कुठे ठाऊक होते? ज्यांचा कोणी जहाजावर नाही त्यांना ती बातमी विजयाची वाटली. बंदरावर हल्ला होतो तेव्हा उलट माराही होतो, इतकी साधी गोष्ट आम्हालाच तेवढी दिसत होती.

पालकांच्या गटात आधी नेहमीचे ‘जय हिंद’ आले. मग माण तालुक्यातल्या एका आईने, ज्या कधी काही लिहीत नसत, लिहिले: ‘माझं पोरगं कुठंय कुणाला ठाव हाय का.’ नियम मोडणारे वाक्य होते. बराच वेळ कोणी काही लिहिले नाही. नंतर जळगावच्या एका बाईंचे उत्तर आले, ‘ताई, ते विचारू नका. पण मी जागी आहे.’ त्याखाली एकेक करून नोंदी येत गेल्या: मीही जागा आहे, आम्ही दोघे जागे आहोत, मी कंपनीत आहे पण सुपरवायझरला सांगून फोन घेतलाय. पहाटेपर्यंत तेवढेच चालले होते. मीही दोनदा लिहिले. एम.ए.ला मराठी शिकवणाऱ्या बाईला त्या रात्री ‘जागी आहे’ यापलीकडे वाक्य सुचले नाही आणि त्याची तिला खंतही वाटली नाही.

आता थोडे व्यवस्थेविषयी. नौदलात कुटुंबांसाठी काहीच नाही असे नाही. जवानांच्या पत्नींची संघटना अनेक वर्षे काम करीत आहे आणि चांगले काम करीत आहे. बराच काळ तिच्या नावातच पत्नी हा शब्द होता. पण अग्निवीर अविवाहित असावा लागतो, अशी अटच आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या या मुलांचे कुटुंब म्हणजे त्यांचे आईवडील. ते नौदलाच्या वसाहतीत नसतात. माणमध्ये, बीडमध्ये, रावेतमध्ये असतात आणि त्यांतल्या अनेकांना इंग्रजी येत नाही, हिंदी तुटकी येते. २१ जुलै २०२४ च्या संध्याकाळी मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस ब्रह्मपुत्रला आग लागली, जहाज एका कुशीवर कलंडले आणि एक नाविक बेपत्ता झाला. तीन दिवसांनी त्याचा मृतदेह मिळाला. आमची बहुतेक मुले तेव्हा पुढच्या प्रशिक्षणात होती, जहाजावर नव्हती. हे ठाऊक असूनही नाव कळेपर्यंत गटातल्या किती घरांत चूल पेटली नाही, ते नंतर एकेकाने सांगितले. अशा वेळी कोणाला फोन करायचा, कोणत्या भाषेत बोलायचे, हे साठांपैकी चौघांनाही माहीत नव्हते.

माझी मागणी फार मोठी नाही. मुलगा चिल्क्याला रुजू होतो त्याच आठवड्यात त्याच्या आईवडिलांच्या हाती त्यांच्या भाषेतले एक पत्र पडावे. तो कधी बोलू शकेल, कधी नाही, शांतता किती दिवसांची असू शकते, काही झाले तर कोण कळवील आणि तोवर कोणाचे ऐकू नये, एवढे त्यात असावे. यात गुपित काही नाही. खोट्या बातमीला तोंड देण्याची ताकद अशा एका पानाने जितकी येईल तितकी शंभर ‘वीरमातां’नी येणार नाही.

ते होईल तेव्हा होवो. नव्या तुकडीच्या पालकांसाठी आम्हीच गटात एक टिपण लिहायला घेतले आहे. पुण्याहून भुवनेश्वरला जाणाऱ्या कोणार्क एक्स्प्रेसचे आरक्षण किती आधी करावे, मुलाबरोबर कोणती कागदपत्रे द्यावीत, खाऊ द्यावा की नाही (यावर दोन दिवस वाद झाला), असे बरेच त्यात आले आहे. भाषा तपासण्याचे काम अर्थातच माझ्याकडे. एका ठिकाणी मी लिहिले होते: ‘पहिले काही आठवडे रडू येते. आले तर रडावे.’ निवृत्त हवालदारांनी त्यावर हरकत घेतली. त्यांचे म्हणणे, उद्या हे टिपण मुलांच्या हाती पडेल, त्यांना काय वाटेल? माणच्या ताईंनी त्याखाली लिहिले, ‘असू द्या की. त्यांना बी कळू द्या.’ ते वाक्य ठेवायचे की काढायचे, अजून ठरलेले नाही.