सूर्य बुडाल्यावर थांबा

रत्नागिरीला पाहुणे येतात ते यादी घेऊनच. थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, टिळकांचं जन्मस्थान, आरे-वारे, गणपतीपुळे आणि शेवटी ‘सनसेट’. सगळं एका दिवसात! माझं स्पष्ट मत सांगतो, सूर्यास्त हे असं उरकायचं ठिकाण नव्हे.

बिंब पाण्याला टेकलं की बुडायला जेमतेम सव्वादोन मिनिटं लागतात. गंमत म्हणजे ते टेकलेलं दिसतं तेव्हा सूर्य खरं तर क्षितिजाखाली गेलेला असतो; हवेतून येताना किरण वाकतात म्हणून तो आपल्याला दिसतो. लोक तेवढ्यात फोटो काढतात आणि गाडीकडे पळतात. खरे रंग त्यानंतरच्या वीस मिनिटांत उमटतात, पण ते बघायला किनाऱ्यावर कुणी उरत नाही.

राजवाड्याचंही तेच. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ साली इथे कैदी म्हणून आला, १९१० साली हा वाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षं माणूस परक्या समुद्राकडे बघत राहिला, आणि आपण त्याचं घर पंधरा मिनिटांत ‘करतो’.

म्हणून पुण्या-मुंबईच्या भाचे मंडळींना सांगणं आहे, या खेपेला यादीतली दोन-तीन ठिकाणं गाळा. भाट्याच्या वाळूत अंधार पडेपर्यंत आमच्याबरोबर नुसते बसा. राजवाडा काय, पुढच्या वर्षीही तिथेच असेल. आमचं वय आता सत्तरीच्या पुढे गेलंय.

बघा, पटतंय का.