डॉक्टरीणबाईंचा सल्ला : मूळव्याध समजून किती दिवस काढायचे?



बद्धकोष्ठावर लिहिले आणि टपालाचा ढीग पडला. गंमत अशी, की त्यातली निम्मी पत्रे बद्धकोष्ठाबद्दल नव्हतीच. पॉलिप म्हणजे काय, रिपोर्टात ‘गाठ’ लिहिले आहे तर आता कसे व्हायचे, शौचातून रक्त जाते पण सांगणार कुणाला, असे सगळे त्यांत होते. एकीने तर पत्राच्या वर लिहिले आहे, “वाचून झाल्यावर फाडून टाका.” फाडले आहे, काळजी नसावी. पण विषय मात्र आज उघडपणेच घेते.

प्रश्न – माझे वय ५४. पाळी जाऊन चार वर्षे झाली. दोनएक वर्षांपासून शौचाला अधूनमधून रक्त पडते, दुखत मात्र नाही. सासूबाईंना मूळव्याध होती, तेव्हा मलाही तीच असणार म्हणून शेजारणीने दिलेले औषध घेते, सुरणाची भाजी खाते. हल्ली जिना चढताना धाप लागते. हिमोग्लोबिन ८ निघाले. डॉक्टर दुर्बिणीने आतडे तपासायला सांगतात. मी यजमानांना म्हटले, लेकीचे लग्न मार्गशीर्षात आहे, ते एकदा उरकू द्या, मग बघू. चालेल ना? (एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा)

उत्तर – नाही, चालायचे नाही. लग्नाच्या आधी तपासणी करून घ्या.

आधी ते सासूबाईंचे. सासूची मूळव्याध सुनेकडे वारशाने येत नाही हो! वारसा बघायचा तर तुमच्या आईवडिलांकडचा बघा. सुरण भाजी म्हणून चांगले, खुशाल खा, पण वाहते रक्त त्याने थांबत नाही.

आता हिमोग्लोबिन. आपल्या बायकांचे ते किमान १२ तरी हवे. पाळी चालू असते तोवर कमी भरले की आपण पाळीवर ढकलतो, आणि बरेचदा ते खरेही असते. पण चार वर्षांपूर्वी पाळी गेली, मग रक्त जाते कुठे? अशा वेळी डॉक्टर जठर आणि आतडे तपासायला सांगतात ते उगाच नव्हे. नुसत्या लोहाच्या गोळ्या घेत राहणे म्हणजे बुडाला भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणे.

मूळव्याधीचे रक्त सहसा लालभडक असते, शौच झाल्यावर थेंब थेंब पडते आणि पुष्कळदा दुखत नाही. दुखते ते गुदद्वाराला चीर पडली असेल तर. कापल्यासारखी आग होते. पण पॉलिपचे रक्तही असेच लाल आणि न दुखता जाऊ शकते. शिवाय मूळव्याध आहे म्हणून पॉलिप नसणार, असा काही नियम नाही. दोन्ही एकाच वेळी असतात. तुम्हाला दोन वर्षांत कुणी हातमोजा घालून बोटाने एकदा तरी तपासले का? पत्रात तसे कुठे नाही. न तपासता दिलेले नाव ते निदान नव्हे, मग ते शेजारणीने दिलेले असो की एस.टी. स्टँडजवळच्या ‘बिनऑपरेशन मूळव्याध-भगंदर’ पाटीवाल्याने.

पॉलिप म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेला मांसाचा कोंब. आपले मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब. त्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होत असते. कधीकधी या वाढीचा ताळ सुटतो आणि एखाद्या जागी उंचवटा येतो. कुणाचा अळंबीसारखा देठावर उभा असतो, कुणाचा चामखिळीसारखा चिकटलेला. या अस्तराला कातडीसारखी दुखण्याची जाणीव नसते, म्हणून दुखत नाही यात समाधान मानू नका. बहुतेक कोंब निरुपद्रवी असतात. मात्र अ‍ॅडेनोमा नावाची एक जात आहे, तिच्यातले काही पुढे कॅन्सरकडे वळतात. हे एका रात्रीत होत नाही, साधारण दहा वर्षे लागतात. मुगाच्या दाण्याएवढ्या कोंबाची धास्ती कमी, हरभऱ्याहून मोठ्याची, म्हणजे एक सेंटिमीटरच्या पुढच्याची, जास्त.

ही दहा वर्षे आपल्या हातात असतात, हेच मला सांगायचे आहे. पूर्वी कोंब काढायचा तर पोट उघडावे लागे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला शिन्या आणि वुल्फ या दोन डॉक्टरांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास आत घालून तो काढायला सुरुवात केली. असे कोंब काढलेल्या लोकांना पुढे आतड्याचा कॅन्सर पुष्कळ कमी झाला, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दिसले. कॅन्सर होण्याआधीच खुडून टाकता येतो असे आजार फार थोडे, त्यांतला हा एक. आपल्या देशात मात्र सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच येते, आतडे येत नाही. त्यामुळे तुमच्या दारी कुणी विचारायला येणार नाही. आपणच जायचे.

तपासणीची लाज वाटते असे पुष्कळजणी लिहितात. अहो, बाळंतपणे निभावलेल्या बायका आपण! हवे तर बाई डॉक्टर मागा, निदान परिचारिका जवळ राहील असे सांगा. त्यात वावगे काही नाही. खरा त्रास आदल्या दिवशीचा. डॉक्टर सांगतील तसे हलके जेवण. भाकरी, पालेभाजी, टोमॅटो, तीळ बंद. मग पातळ पदार्थच. शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, साधे सूप चालते. कोकम सरबत मात्र नको. त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या पाचसात दिवस आधीच थांबवायला सांगतात, त्यांनी आतले सगळे काळे होते. मग ते दोन ते चार लिटर जुलाबाचे औषध. चव वाईट, गार करून घोटघोट घ्या. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. तपासणी गुंगीत होते, साधारण अर्धा तास. बरोबर कुणीतरी हवेच, आणि त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही. आतडे फाटण्याचा धोका अगदी थोडा, हजारांत एखाद्याला, पण असतो. म्हणून जाणत्या हातांकडेच करावी.

म्हणजे झाले किती? दोन दिवस. लग्नाच्या याद्या करायला आपण महिना घालवतो. तुम्हाला कॅन्सरच आहे असे मी म्हणत नाही. कदाचित मूळव्याधच निघेल. निघू दे. यजमानांना आजच सांगा आणि या आठवड्यातच तारीख घ्या. मध्येच रक्त खूप गेले, भोवळ आली, तर तारखेची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

प्रश्न – तुकडा काढून तपासला की गाठ चवताळते आणि पसरते, असे नणंद म्हणते. खरे का?

उत्तर – नाही. आतड्यातल्या कोंबाचा तुकडा घेतल्याने तो पसरत नाही. तुकड्याशिवाय जात कळत नाही, आणि जात कळल्याशिवाय उपचार ठरत नाहीत. नणंदेने पाहिले असेल ते असे, की तपासायलाच उशीर झाला, रोग आधीच पसरलेला होता आणि आळ आला सुईवर.

प्रश्न – पोटाच्या सोनोग्राफीत पित्ताशयात ४ मिलिमीटरचा पॉलिप निघाला. झोप उडाली आहे.

उत्तर – झोपा. एवढे बारीक कोंब बहुधा कोलेस्टेरॉलचे असतात. पुन्हा सोनोग्राफी लागेल का आणि कधी, हे डॉक्टर सांगतील. दहा मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर पित्ताशय काढायचा सल्ला देतात.

प्रश्न – माझा गर्भाशयातला पॉलिप काढला. आता आतड्यातही होईल का? वडील पन्नाशीतच ‘पोटाच्या गाठीने’ गेले, एवढेच माहीत आहे.

उत्तर – नाव एक, अवयव दोन. गर्भाशयात झाला म्हणून आतड्यात होत नाही. तुमच्या पत्रात मला काळजी वाटते ती शेवटच्या वाक्याची. ती गाठ जठराची होती, यकृताची की आतड्याची? आत्याला, काकांना विचारा. जुने कागद ट्रंकेत असतील ते काढा. आतड्याचा कॅन्सर असेल, तर तुम्ही आणि भावंडांनी चाळिशीला, किंवा वडिलांना ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांतले जे लवकर येईल तेव्हा तपासणी सुरू करायची. एकाच घरात कुणाला आतड्याचा, कुणाला गर्भाशयाचा कॅन्सर, तोही पन्नाशीच्या आत, असे दिसले तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो दोष घराण्यात उतरत आलेला असू शकतो.

प्रश्न – चार वर्षांच्या नातवाला शौचाच्या शेवटी लाल रक्त पडते. खेळतो, जेवतो, रडत नाही.

उत्तर – आधी बीट खाल्ले होते का ते आठवा. हसू नका, असे पुष्कळदा होते. तसे नसेल तर या वयात एखादा एकटा कोंब असतो. तो सहसा कॅन्सरचा नसतो आणि दुर्बिणीतून काढता येतो. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कधी तो आपणच गळून पडतो. तसे मांसासारखे काही पडलेले दिसले, तर टाकून देऊ नका. स्वच्छ बाटलीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.