लेकरू दुसऱ्याचं, रस्ता सगळ्यांचा

संध्याकाळची बाग. घसरगुंडीच्या शिडीवर चिल्लीपिल्ली रांगेत उभी आणि आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा खालून उलटा वर चढतोय. वर बसलेली चिमुरडी घाबरून दांडी घट्ट धरून बसली आहे. बाकावरचे एक आजोबा उठले, जवळ गेले आणि म्हणाले, "बाळा, उलटा चढू नकोस. वरून ती सुटली तर तिचे पाय तुझ्याच तोंडावर बसतील." मुलगा थांबला. तेवढ्यात त्याचे वडील आले. "तुम्ही कोण सांगणारे? माझ्या मुलाचं मी बघतो." आजोबा काही न बोलता बाकावर जाऊन बसले. मुलगा पुन्हा चढू लागला.

वडिलांचा प्रश्न उर्मट होता, पण तो टाळून चालणार नाही. बागेत, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात दुसऱ्याच्या मुलाला टोकणारे आपण कोण? याचं उत्तर आपण द्यायला हवं, कारण हल्ली आपल्याकडे दोनच तऱ्हा उरल्या आहेत. एक तर 'आपल्याला काय करायचंय' म्हणून तोंड फिरवायचं, नाही तर अगदीच सहन होईनासं झालं की एकदम खेकसायचं. मुलाशी माणसासारखं बोलायची मधली वाट बुजत चालली आहे.

मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या कुणालाही विचारा. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांची खोली आणि त्यात अख्खं कुटुंब. त्यामुळे मुलं वाढायची ती खोलीबाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. जिन्यावरून उड्या मारणाऱ्या पोराला चाळीतलं कोणीही दटावायचं आणि त्यात त्याच्या आईला काही वावगं वाटायचं नाही. कारण दटावणारी मावशीच त्याला दुपारी ताटावर बसवायची आणि ताप चढला तर दवाखान्यात न्यायची. तिच्या ओरडण्यामागे तिने केलेलं होतं. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. फार चांगलं झालं. सामाईक संडासाच्या रांगेबद्दल कुणी हळहळू नये. आणि चाळ-वाड्यातलं ते टोकणं सगळंच मायेचं होतं, असंही नाही. त्यात फटके होते, वयात येणाऱ्या मुलींवर पहारा होता आणि कुणाच्या मुलाने कुणाच्या ओट्यावर बसायचं याचा जातीचा हिशेबही होता. तेव्हा जुने दिवस परत आणा, असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यातली एकच गोष्ट सांभाळून ठेवण्यासारखी होती: सांगणारा आणि सांभाळणारा एकच असायचा.

ही नुसती आठवणींची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या शिकागो शहरात रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४३ वस्त्यांमधल्या साडेआठ हजारांहून अधिक रहिवाशांना काही साधे प्रश्न विचारले होते. शाळा बुडवून मुलं नाक्यावर उभी दिसली, भिंतीवर रंग फासताना दिसली, मोठ्या माणसाशी उद्धटपणे वागली, तर तुमचे शेजारी मध्ये पडतील का? आणि इथली माणसं एकमेकांच्या मदतीला धावतात का, विश्वास टाकण्यासारखी आहेत का? ज्या वस्त्यांत दोन्ही प्रश्नांना 'हो' असं उत्तर जास्त मिळालं, तिथे हिंसा कमी होती. गरिबीचा परिणाम वेगळा काढून पाहिला तरी हे चित्र टिकलं. १९९७मध्ये हा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. त्यांनी टोकणं आणि विश्वास एकत्रच मोजले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. विश्वास नसलेलं टोकणं म्हणजे नुसती अरेरावी.

तेव्हा 'तुम्ही कोण?' याचं माझं उत्तर असं: तुझं मूल पडलं तर तू पोचण्याआधी त्याला उचलणारी जी माणसं आसपास असतात, ती आम्ही. उचलायची तयारी असेल तर सांगायचा हक्क आहे. एरवी नाही.

विश्वास पार आटला की काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात १ जुलै २०१८ला आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसांना ठेचून मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या, आणि त्यांच्यातल्या एकाला लहान मुलीशी बोलताना पाहिल्याचं सांगितलं गेलं. एवढंच पुरलं. परक्याने मुलाशी बोलणं म्हणजे धोका, अशी सरसकट शिकवण मोठ्यांच्या मनात मुरली की तिचा पहिला बळी गरीब, फिरस्ता, अनोळखी माणूस असतो. मुलांना सावध करायलाच हवं. पण मूल हरवलं, ठेचकाळलं, घाबरलं, तर त्याला वाट दाखवणारंही कुणी तरी परकंच असतं. सगळ्यांच्या देखत, दोन हात अंतरावरून मुलाशी बोललेल्या चार शब्दांना या समाजात जागा राहिली पाहिजे.

आता टोकणाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपण कुणाच्या मुलांना टोकतो? चकचकीत हॉटेलात एखादं पोर शेजारच्या खुर्चीला लाथा मारत असतं, तेव्हा आसपासचे सगळे जण कसनुसं हसून गप्प बसतात. आणि सिग्नलला गजरे विकणाऱ्या मुलीने गाडीच्या काचेवर हात ठेवला, की हीच माणसं 'ए, चल हट' म्हणून अंगावर जातात. तिचे आई-बाप जाब विचारायला येणार नाहीत, हे त्यांना ठाऊक असतं. तिची खरोखर काळजी वाटत असेल तर १०९८ हा बालकांच्या मदतीसाठीचा चोवीस तासांचा, विनाशुल्क क्रमांक आहे. दुसरं म्हणजे मुली. जोरात हसू नकोस, पाय जवळ घेऊन बस, हा कसला फ्रॉक. या सूचना मुलींना वाटेवरचा कोणीही करतो. मुलीचं हसणं कुणाला लागत नाही, कुणाचं काही मोडत नाही. तिथे टोकणाऱ्याने आपलं तोंड बंद ठेवावं.

आणि रेल्वेच्या डब्यात एखादं दहा वर्षांचं मूल कानांवर हात ठेवून किंचाळत असेल, तर 'काही वळण लावलंय की नाही' असं म्हणण्याआधी थांबावं. ते मूल स्वमग्न असेल, गर्दीचा आवाज त्याला असह्य होत असेल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, पण ती चेहऱ्यावर दिसत नाही. त्या आईला त्या क्षणी उपदेश नको असतो. जरा सरकून जागा करून द्या. "काही मदत हवी का?" एवढं विचारा.

मग टोकावं कधी? मुलाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. ते दुसऱ्याला इजा करत असेल तेव्हा. मुक्या जनावराला छळत असेल, किंवा किल्ल्याच्या दगडावर नाव कोरण्यासारखी सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूची नासधूस करत असेल तेव्हा. बाकी कपडे, जेवण, हट्ट, मोबाइल, मार्क हा त्या घराचा मामला.

आणि कसं? घाटातल्या एसटीत एका कंडक्टरला मी पाहिलं. खिडकीतल्या मुलाने कोपरापर्यंत हात बाहेर काढला होता. तिकिटं फाडता फाडता कंडक्टर वाकून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आला. "पैलवान, हात आत घे. पुढच्या वळणावर समोरची गाडी अगदी घासून जाते." मुलाने हात आत घेतला. मग आईकडे वळून, आवाज न चढवता, "ताई, पोराला आतल्या बाजूला घ्या, तुम्ही खिडकीत बसा." कंडक्टर पुढच्या बाकाकडे गेला. वळण आलं, मालट्रक खिडकीजवळून धडधडत गेला, आणि मुलगा आईच्या मांडीवरून वाकून तो पाहत राहिला. या सांगण्यात सगळं आलं: आधी मुलाशी बोलणं, त्याला मान देणं, कारण सांगणं आणि विषय तिथेच संपवणं. त्या माणसाने वळण काढलं नाही, संस्कार काढले नाहीत, चार लोकांत आईला खाली मान घालायला लावली नाही.

हात मात्र कधीही लावायचा नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायलाही मनाई करतं. ज्या शिक्षकाच्या ताब्यात आपण मूल दिवसभर देतो, त्यालाही जे करता येत नाही, ते वाटसरूला कसं करता येईल? मूल गाडीखाली जात असेल तर खेचायला हात पुढे करावा, त्याला शिस्त लावायला नव्हे.

आई-बापांनाही एक सांगायचं आहे. कुणी तुमच्या मुलाला नीट शब्दांत काही सांगितलं, तर त्यात तुमचा अपमान नाही. तुम्ही थकलेले असता, तुमची नजर एक क्षण हलते, आणि त्या क्षणी दुसऱ्या कुणाची नजर तुमच्या मुलावर असते. सांगणारा चुकला असेल तर "मी बघते, धन्यवाद" एवढं म्हणून मुलाला जवळ घ्या. बरोबर असेल तर मुलाला म्हणा, "काका काय म्हणाले, ऐकलंस ना?" वडीलधाऱ्यांवर मुलासमोर डाफरलात, तर आपल्या घराबाहेर कुणाचंच ऐकायचं नसतं, एवढंच त्याच्या ध्यानात राहील.

परक्याच्या मुलाला टोकावं का? टोकावं. ज्या शब्दांत आपल्या मुलाला कुणी सांगितलेलं आपल्याला चालेल त्याच शब्दांत, आणि गाडीतून उतरणाऱ्या मुलाला जसं सांगू तसंच सिग्नलवरच्या मुलालाही. हे जमणार नसेल तर टोकण्याच्या भानगडीत पडू नये. आणि जमवायचं असेल, तर आजच आपल्या जिन्यातल्या, गल्लीतल्या मुलांची नावं विचारून घ्या.