ब्रेकचा दिवा कोणासाठी असतो?

मंडळी, आज जरा रागावूनच लिहितो आहे.

संध्याकाळी फिरायला गेलो की सिग्नलपाशी मी गाड्यांचे मागचे दिवे बघतो. (सौ. म्हणते, तपासायला वह्या उरल्या नाहीत म्हणून गाड्या तपासतात!) कोणाचा डावा ब्रेक लाइट बंद, कोणाचा उजवा, एखाद्याचे तिन्ही. गाडी मात्र धुऊन-पुसून लखलखीत. पुढचा दिवा गेला तर हाच गृहस्थ दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठतो, कारण अंधारात त्याचेच अडते. ब्रेकचा दिवा त्याला स्वतःला दिसत नाही. तो मागच्यासाठी. मग मागच्याचे मागचा बघेल! ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. तुम्ही थांबताय हे त्याने भर पावसात, रात्री, ओळखायचे कसे?

पीयूसीवाला धूर तपासतो, दिव्यांशी त्याला कर्तव्य नाही. टॅक्सी-ट्रकला ठरावीक काळाने फिटनेस घ्यावी लागते. खासगी गाडीचे नूतनीकरण थेट 15 वर्षांनी. तोवर सगळी भिस्त मालकाच्या सज्जनपणावर... असो.

'त्यातलं आम्हाला काय कळतं?' ही सबब तर मी मुळीच ऐकणार नाही. शाळेतल्या विज्ञानात विजेचे मंडल शिकलात ना? तीन बल्ब एकाच दिवशी सहसा उडत नाहीत. तिन्ही बंद असतील तर आधी फ्यूज बघा, मग ब्रेकच्या पेडलजवळचा छोटा स्विच. एकच बंद असेल तर बल्ब, त्याचा होल्डर किंवा अर्थची तार. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच बल्बांत दोन तारा असतात, 5 वॉटची रात्रीच्या मंद दिव्याची आणि 21 वॉटची ब्रेकची. त्यामुळे रात्री मागे लाल दिसले म्हणजे ब्रेकचा दिवाही शाबूत, असे नाही. उलट ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणू लागला तर बहुधा अर्थ सुटलेला असतो. वीज परतीची वाट शेजारच्या बल्बातून शोधते.

हे सांगायचे कारण, निदान न करता सुटे भाग बदलणारे महाभाग वाढले आहेत. माझ्या पुतण्याला एका चकचकीत सर्व्हिस सेंटरने मागचे दोन्ही दिवे नवे घ्यायला सांगितले, चार आकडी खर्च! कोपऱ्यावरच्या वायरमनने डिकीतला अर्थचा गंजलेला स्क्रू काढला, पॉलिश पेपरने घासला, परत आवळला. दिवे लागले. नव्या गाड्यांतल्या एलईडीत पुष्कळदा अख्खा दिवाच बदलावा लागतो, हे मान्य. पण तोही आधी फ्यूज, स्विच आणि अर्थ बघून मगच!

दिवे लागतच राहिले तर? पेडलवरचे रबराचे किंवा प्लॅस्टिकचे बटण तुटले असेल. पायाखालच्या मॅटवर तुकडे सापडतात. सकाळी बॅटरी उतरलेली, आणि मागच्याला तुम्ही कायमच ब्रेक मारताय असे वाटणार.

तपासायला मदतनीस लागतो म्हणता? रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, ब्रेक दाबा, आरशात बघा. भिंत लाल झाली पाहिजे, दोन्ही बाजूंना.

दिवाळीला जी भाचे-पुतणे मंडळी गाडीने येणार आहेत, त्यांनी फाटकाशी थांबून एकदा ब्रेक दाबायचा. मी मागे उभा असेन. फराळ त्यानंतर.