आधी ओहम, मग व्हॉल्व्ह

महागडा व्हॉल्व्ह हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघालेले गिऱ्हाईक दुकानात शिरताच व्हॉल्व्हविषयी विचारते. टंग-सोल बरा की मुलार्ड? जुन्या साठ्यातला घ्यावा की नव्या उत्पादनातला? विक्रेत्यालाही हा प्रश्न सोयीचा वाटतो, कारण उत्तर देताना कागद-पेन्सिल घ्यावी लागत नाही. मग अ‍ॅम्प्लिफायर घरी जातो आणि काही दिवसांनी ‘बास येत नाही’ अशा तक्रारीसह दुरुस्तीच्या टेबलावर येऊन बसतो. तपासले तर बिघाड काहीच नाही. त्याच्यापुढे हेडफोन कोणता लागणार, हे विक्रीच्या वेळी कोणी विचारलेलेच नसते.

दोन हेडफोन घेऊ. सेनहायजरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा आणि १ व्होल्टला १०३ डेसिबल देणारा. हायफायमॅनचा एचई-६ हा प्लेनर जातीचा, ५० ओहमचा, १ मिलिवॉटला जेमतेम ८३.५ डेसिबल देणारा. संगीतातल्या चढत्या जागांसाठी ११० डेसिबलची तजवीज करायची म्हटली, तर एचडी ६५० ला सव्वादोन व्होल्ट आणि साडेसात मिलिअँपिअर पुरतात. एचई-६ मात्र ४.७ व्होल्टबरोबर तब्बल ९५ मिलिअँपिअर मागतो, म्हणजे शिखराला १३० च्याही वर. सिंगल-एंडेड क्लास ए मंडल आपल्या स्थिर करंटपेक्षा मोठे शिखर देऊ शकत नाही. अशा मंडलांत वापरल्या जाणाऱ्या ६एएस७जी व्हॉल्व्हच्या दोनपैकी एका भागाची कॅथोड करंटची कमाल मर्यादाच १२५ मिलिअँपिअर आहे. तिथे ब्रँड बदलून काय होणार? आडात नाही ते पोहऱ्यात यायचे नाही.

म्हणून व्हॉल्व्हच्या आधी मंडलाची जात ठरवावी लागते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले, म्हणजे ओटीएल मंडल ३०० ते ६०० ओहमच्या हेडफोनसाठी उत्तम. पोलंडच्या फेलिक्स ऑडिओचा युफोरिया, बॉटलहेडचे क्रॅक हे किट, ही त्यातली माहितीची नावे. कमी ओहमच्या, करंटखाऊ हेडफोनला ट्रान्सफॉर्मर लागतो. वू ऑडिओचा डब्ल्यूए५ हा ३००बी व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर घेऊन येतो, स्पीकरही चालवतो आणि वजनही तसेच भरते.

ओटीएलमध्ये आउटपुटचा कंडेन्सरही मोजून पाहावा. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३०० ओहमपुढे ५ हर्ट्झच्या आसपास कापतो, कानाला ते कळतही नाही. त्याच जागी ३२ ओहमचा हेडफोन लावला की काप ५० हर्ट्झवर येतो आणि तबल्यातला डग्गा घुमायचा थांबतो. ‘बास येत नाही’ ही तक्रार बहुधा इथली असते.

‘व्हॉल्व्हचा उबदारपणा’ या शब्दाचीही थोडी झडती घ्यायला हरकत नाही. क्रॅकचा आउटपुट इम्पिडन्स सुमारे १२० ओहम आहे. एचडी ६५० चा इम्पिडन्स खर्जात, १०० हर्ट्झच्या खाली-वर, ५०० ओहमच्या घरात जातो. दोन्हींची विभागणी मांडली, तर तेवढ्या पट्ट्यात साधारण १ डेसिबलची उठावणी निघते. ऐकायला ती गोड लागते, यात वाद नाही. पण तिचे श्रेय काचेवरच्या छापाला देण्याचे कारण नाही.

याहून गमतीचे प्रकरण ५९९८ या व्हॉल्व्हचे. ६एएस७जी आणि त्याचा दणकट भाऊ ६०८० हे मुळात व्होल्टेज रेग्युलेटरसाठी जन्मलेले, त्यांचा म्यू, म्हणजे व्होल्टेज वाढवण्याचा गुणक, अवघा २. त्याच सॉकेटात बसणाऱ्या ५९९८ चा म्यू सुमारे साडेपाच. कॅथोड फॉलोअर जातीच्या मंडलात पहिल्याचा गेन ०.६७ च्या आसपास, दुसऱ्याचा ०.८५. म्हणजे नुसता व्हॉल्व्ह पालटला की आवाज २ डेसिबलने मोठा होतो. आउटपुट इम्पिडन्स उतरतो, बायस सरकतो, हे फरक खरेच आहेत. तरी ‘पडदा दूर झाल्यासारखे वाटले’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे दोन्ही व्हॉल्व्ह आवाज मोजून समपातळीवर ऐकवले, तर त्या पडद्याचा बराचसा भाग व्हॉल्यूमच्या खुंटीत सापडतो. मीटर न लावता तुलना ऐकवणे हा या धंद्यातला जुना दोष आहे आणि तो अजाणतेपणाने होतो असे दर वेळी म्हणता येत नाही.

सॉकेटात बसतो म्हणून चालतो, या समजाने ट्रान्सफॉर्मर जळतात. १२बीएच७ हा १२एयू७ च्या जागी पिनेला पिन बसतो, पण हीटरला दुप्पट करंट घेतो. रशियन ६एन१पी आणि ६९२२ यांचे तेच: ०.६ अँपिअर विरुद्ध ०.३. दोन ६एएस७जी मिळून हीटरलाच ५ अँपिअर ओढतात, साडेएकतीस वॉट नुसती उष्णता. तिथे मूळ ट्रान्सफॉर्मर किती सैल ठेवला आहे, हे पाहिल्याशिवाय पर्यायी व्हॉल्व्ह सुचवणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने प्रयोग करणे.

राहिली जोडी जुळवण्याची बाब. लग्नाची पत्रिका पाहावी तशी टेस्टरच्या दोन आकड्यांवर जोडी ‘जुळली’ म्हणून विकली जाते. साधा एमिशन टेस्टर व्हॉल्व्ह जिवंत आहे एवढेच सांगतो. खरखर आणि टिचकी मारल्यावरची घंटी त्याला ऐकू येत नाही. इनपुटच्या एकाच १२एयू७ मध्ये दोन्ही चॅनेल असतील, तर दोन व्हॉल्व्ह जुळवण्यापेक्षा त्या एकाचे दोन भाग सारखे असणे महत्त्वाचे. तेही मंडलातल्या खऱ्या प्लेट व्होल्टेजला आणि करंटला मोजलेले हवेत. ६०८० चे दोन भाग तर सख्खे असूनही वेगळ्या स्वभावाचे निघतात.

२०२२ च्या मार्चमध्ये रशियाने व्हॉल्व्हची निर्यात रोखली, तेव्हा तिथल्या सारातोवच्या कारखान्यावर किती ब्रँडांची नावे अवलंबून आहेत हे अनेकांना पहिल्यांदा उमगले. नव्या काळातले टंग-सोल, मुलार्ड आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स तिथूनच येत होते. स्लोव्हाकियातल्या चाद्‌त्साचा जेजे आणि चिनी कारखाने सोडले, तर पर्याय थोडे. त्यामुळे जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या कपाटांकडे पुन्हा लक्ष गेले आहे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने फिलिप्सच्या तंत्रसाहाय्याने बनवलेले व्हॉल्व्ह त्यांत मिळू शकतात. असे खोके हाती आले तर दुकानदाराने आधी पिना पुसाव्यात, व्हॉल्व्ह १५ मिनिटे तापू द्यावा, दोन्ही भागांचे करंट खोक्यावर पेन्सिलीने लिहावेत आणि किमतीची चिठ्ठी त्यानंतर चिकटवावी.