नावडत्या आरोपीचा वकील

१९५९ मध्ये नौदल अधिकारी कावस नानावटींनी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजांवर गोळ्या झाडल्या. झटापटीत रिव्हॉल्व्हर उडालं, असा बचाव होता. मग नुकत्याच न्हाऊन आलेल्या आहुजांच्या कमरेचा टॉवेल सुटला कसा नाही, हा सरकारी पक्षाचा सवाल आम्हाला आजही बिनतोड वाटतो. ज्युरीने मात्र ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. मुंबई खूश! (जन्मठेप पुढे हायकोर्टाने दिली.) उलट २००९ मध्ये २६/११ च्या हल्ल्यातला आरोपी कसाब याच्यासाठी नेमलेल्या वकील अंजली वाघमारे यांच्या घरावर जमाव चालून गेला, बचाव अजून सुरूही झाला नव्हता. नावडतीचं मीठ अळणी, तसा नावडत्याचा युक्तिवाद ही पळवाट. हल्ली खटले टीव्हीवरच निकालात निघतात, म्हणून या अंकात आम्ही बचावाच्या वकिलांनाच बोलतं केलंय. वाचा, पटलं नाही तर खुशाल भांडा, पत्रं छापू.