गहाणाच्या वस्त्रावर बसून केलेली प्रार्थना

१९ मार्च हा संत जोसेफचा सण. पवित्र मरियेच्या या कष्टकरी पतीला संत मत्तयने एकच विशेषण दिले आहे : 'नीतिमान'. याच तारखेला, १९८६ साली, यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे कर्जबाजारी शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुले यांचा अंत झाला. महाराष्ट्रात जाहीरपणे नोंदल्या गेलेल्या शेतकरी आत्महत्यांत ही पहिली मानली जाते. २०१७ पासून कित्येक स्त्रीपुरुष १९ मार्चला अन्नत्याग करून या कुटुंबाचे स्मरण करतात. त्यांतले बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत. आपल्याकडे मात्र ही तारीख नेहमी उपवासकाळातच येत असूनही त्या दिवशी सणाचे ताट वाढले जाते, आणि या दोन स्मरणांची गाठ सहसा कोणी घालत नाही.

सणाला माझा विरोध नाही. माझा आक्षेप आहे तो 'नीतिमान' आणि 'विश्वास' हे दोन शब्द आपण किती स्वस्त करून ठेवले आहेत, याला.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज आणि भोवतालची गावे घ्या. सोयाबीन, तूर आणि कापूस यांवर जगणारा हा बव्हंशी कोरडवाहू मुलूख. मृग लागला की बियाणे, खत आणि मजुरी यांसाठी एकदम पैसा लागतो. बँकेचे जुने कर्ज थकलेले असले तर नवे मिळत नाही. मग माणूस खासगी सावकाराच्या ओट्यावर जातो. तेथे पुष्कळदा कर्जाचा कागद होतच नाही. होते ते शेताचे खरेदीखत. पैसे फिटले की वावर परत करू, असे वचन मिळते. पण वचन तोंडी आणि कागद पक्का. पाऊस ओढ देतो, भाव कोसळतो, व्याज मुद्दलाच्या पुढे धावू लागते, आणि एके दिवशी सातबाऱ्यावरचे नाव बदललेले असते. हे एकट्या धनजचे दुखणे नाही. सगळ्या पश्चिम विदर्भाचे ते जुने दुखणे आहे.

अशा माणसाला धर्माच्या नावाने काय सांगितले जाते? व्यासपीठावरून सांगितले जाते : विश्वास ठेव, देव परीक्षा पाहतो आहे. प्रार्थनासभांतून सांगितले जाते : विश्वास पुरेसा असेल तर कर्ज आपोआप फिटेल. आणि त्याने स्वतःचा अंत करून घेतला, तर अंत्यविधीहून परतणारे लोक कुजबुजतात : त्याचा विश्वास कमी पडला. या तिन्ही बोलांत एक गोष्ट समान आहे. विश्वासाचा सारा भार ऋणकोवर टाकलेला आहे. धनको मोकळा आहे. त्याच्या विश्वासाची चौकशी कोणीही करीत नाही. उलट मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या फलकावर त्याचे नाव ठळक अक्षरांत असते.

माझे म्हणणे सरळ आहे. पवित्र शास्त्रात देवाचा करार कर्जाच्या व्यवहारात आधी धनकोला बांधतो. ऋणकोला विश्वासाचा उपदेश करून धनकोला सुखाने झोपू देणे म्हणजे करार उलटा वाचणे होय.

आपल्या भाषेत देवाच्या कराराला आणि सावकाराच्या कराराला एकच शब्द आहे. दोहोंमधला भेद मात्र मोठा आहे. सावकाराच्या करारात बलवान स्वतःला मोकळे ठेवतो आणि दुर्बळाला बांधतो. देवाच्या करारात बलवान असा परमेश्वरच प्रथम स्वतःला बांधून घेतो, आणि मग आपल्या लोकांतील बलवानांना बांधतो. निर्गमच्या २०व्या अध्यायात दहा आज्ञा आहेत आणि २४व्या अध्यायात कराराचे रक्त शिंपडले जाते. या दोहोंच्या मधोमध, २२व्या अध्यायात, गरिबाला दिलेल्या कर्जाविषयीची आज्ञा आहे : त्याच्याकडून व्याज घेऊ नये, आणि त्याचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी परत द्यावे, कारण रात्री तो दुसरे काय पांघरणार? तो आक्रोश करील तर देव ऐकेल, असेही तेथे बजावले आहे. म्हणजे ज्या कराराच्या रक्ताने इस्राएल देवाची प्रजा झाली, त्याच कराराच्या कलमांत एका गरिबाचे पांघरूण आहे.

अनुवादाच्या २४व्या अध्यायात ही काळजी आणखी सूक्ष्म होते. जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घ्यायची नाही, कारण तसे करणे म्हणजे माणसाचे जीवनच गहाण घेणे. धनकोने गहाण आणण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरायचे नाही. बाहेर उभे राहायचे. गरिबाच्या उंबरठ्यावर सावकाराला थांबवणारा हा देव आहे! आणि लेवीयच्या २५व्या अध्यायात तर तो जमिनीची मालकीच स्वतःकडे ठेवतो : जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे, तुम्ही माझ्याकडे राहणारे उपरे आहात. पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, प्रत्येकाने आपल्या वतनाकडे परतायचे. खरेदीखताच्या कागदावर कोणाचीही सही असो, या अध्यायापुढे तो कागद अंतिम नाही.

आता आमोस संदेष्ट्याचे ऐका. त्याच्या दुसऱ्या अध्यायात इस्राएलच्या अपराधांची यादी आहे, आणि तीत वेदीपाशी आडवे झालेले भक्त दिसतात. ते कशावर आडवे झाले आहेत? गरिबांकडून गहाण घेतलेल्या वस्त्रांवर. ते देवळात येत नव्हते, अशी आमोसाची तक्रार नाही. ते येत होते, नेमाने येत होते. पण त्यांच्या अंगाखाली दुसऱ्याचे पांघरूण होते. ज्याच्या कपाटात शेजाऱ्याच्या वावराचे खरेदीखत आहे आणि जो दर रविवारी पहिल्या बाकावर गुडघे टेकतो, त्याच्या भक्तीचे वर्णन आमोसाने अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवले आहे.

आणि ज्या वचनावर विश्वासाची सारी शिकवण उभारली जाते, ते तरी कोठून आले? नीतिमान विश्वासाने जगेल, हे हबक्कूकच्या दुसऱ्या अध्यायातील चौथे वचन. संत पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिताना ते आधारास घेतले. पण हबक्कूक तेथे थांबत नाही. दोनच वचनांनंतर त्याचा पहिला 'हाय हाय' उठतो, आणि तो उठतो गहाणाच्या ढिगाऱ्याने स्वतःला लादून घेणाऱ्या माणसावर. ज्याला आपण विश्वासाचे महावाक्य म्हणतो, त्याच्या शेजारीच सावकारीचा धिक्कार आहे. हबक्कूकचा 'विश्वास' हा मूळ इब्री शब्द मनातल्या मान्यतेपुरता नाही. निष्ठा, भरवशाला उतरणे, हा त्याचा गाभा आहे. मग भरवशाला उतरला नाही तो कोण? पीक बुडाल्याने हप्ता चुकलेला शेतकरी, की तोंडी वचन देऊन वावर गिळणारा?

अब्राहामाचेही तेच. त्याने विश्वास ठेवला आणि तो त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, हे उत्पत्तीच्या १५व्या अध्यायातील वाक्य सर्वांना ठाऊक असते. १८व्या अध्यायात देव त्याची निवड कशासाठी केली हे सांगतो, ते मात्र फारसे वाचले जात नाही : आपल्या मुलाबाळांनी न्याय आणि नीती आचरावी, हे त्याने त्यांना शिकवावे म्हणून. पुढे शतकानुशतकांनी यरीहोचा जकातदार जक्कय उभा राहून म्हणाला की, कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करीन. तेव्हा प्रभू येशूने त्याला अब्राहामाचा पुत्र म्हटले. कराराच्या वंशावळीत त्याचे नाव पुन्हा लागले ते परतफेडीच्या दिवशी. आणि संत जोसेफ? नियमशास्त्राने त्याला मरियेला उघड दोष लावण्याचा हक्क दिला होता. तो हक्क त्याने वापरला नाही, आणि त्याच वाक्यात मत्तय त्याला नीतिमान म्हणतो. कायदा जे घेऊ देतो ते दुर्बळाच्या जिवासाठी सोडून देणे, ही शुभवर्तमानाची नीती आहे.

कोणी म्हणेल, ही जुनी वचने झाली, ख्रिस्तसभेने ती कधी इतकी कठोर वाचली? वाचली होती. ११७९ सालच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्यास पवित्र कम्युनियन आणि ख्रिस्ती दफन नाकारले होते. दुसरीकडे, १९१७ च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या नव्या संहितेने ते कलम काढून टाकले. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की तीव्र मनोवेदना आणि भय माणसाची जबाबदारी कमी करतात, आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी निराश होऊ नये. तोच ग्रंथ, पाचव्या आज्ञेच्या विवेचनात, हेही सांगतो की ज्यांच्या लोभी सावकारी व्यवहारांमुळे भाऊबंदांवर उपासमार आणि मृत्यू ओढवतो, ते अप्रत्यक्षपणे मनुष्यहत्या करतात, आणि तिचा दोष त्यांच्यावर येतो. ख्रिस्तसभेची शिकवण इतकी स्पष्ट असताना कुजबुज मात्र अजून मृताविषयीच चालते. ज्याला ख्रिस्तसभेने करुणेने जवळ घेतले त्याला आपण दूर लोटतो, आणि ज्याला तिने मनुष्यहत्येचा दोष लावला त्याला पहिला बाक देतो.

यावर नेहमीचे आक्षेप आहेत. पहिला : शेतकरी लग्नात आणि दारूत पैसा उडवतो. काही उडवतात, काही सावकारही उडवतात. पण पांघरूण परत देण्याची आज्ञा ऋणकोच्या सद्गुणांच्या अटीवर दिलेली नाही. दुसरा : सावकारही जोखीम घेतो, त्याने फुकट का द्यावे? परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या दराने, लेखी पावती देऊन व्यवहार करणाऱ्याविषयी मी बोलत नाही. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम या देशाच्या जुन्या धर्मशास्त्रातही होता. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याविना सावकारी हा गुन्हा आहे, आणि सावकारीत गेलेली स्थावर मालमत्ता परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. ज्या ख्रिस्ती माणसाचे वर्तन राज्याच्या कायद्यालाही उतरत नाही, त्याने सीनायच्या कायद्याच्या गोष्टी सांगू नयेत.

तिसरा आक्षेप : हे सरकारचे काम आहे. सरकारने काही केलेही. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. वाशीम त्या सहांपैकी एक. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी झाली, २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याच्या योजना आल्या. पण २००८ ची माफी बँका आणि सहकारी संस्थांच्या कर्जापुरती होती. खासगी सावकाराच्या ओट्याला तिचा स्पर्श झाला नाही. तो ओटा शेजाऱ्याचा असतो, कधी नातलगाचा, कधी आपल्याच मंडळीतल्या कोणाचा. तेथे शासनाचा आदेश उशिरा पोहोचतो. सदसद्विवेकबुद्धी तेथेच बसलेली असते.

चौथा आक्षेप धर्मगुरूंचा असतो : आम्ही आत्म्यांचे मेंढपाळ, हिशेबात कशाला पडावे? नहेम्या पडला होता. त्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात दुष्काळात गहाण पडलेली शेते, द्राक्षमळे आणि दासीपणात गेलेल्या लेकी यांचा आक्रोश आहे. त्याने श्रीमंतांना उघड सभेत बोलावले, त्याच दिवशी शेते आणि व्याज परत करण्याची शपथ घ्यायला लावली, आणि स्वतःची ओटी झटकून सांगितले की शपथ मोडणाऱ्याला देव असाच झटकून टाकील. आपल्याच वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये कॅथॉलिक पतसंस्थेची मुहूर्तमेढ रोवली. तीच आजची बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. त्याआधी १९०९ मध्ये छोटानागपुरात येशूसंघीय फादर हॉफमन यांनी आदिवासींसाठी पतसंस्था उभारली होती. या धर्मगुरूंनी हिशेबाची वही उघडली म्हणून त्यांची मिस्सा उणी झाली नाही.

२०२५ हे वर्ष ख्रिस्तसभेने योबेल वर्ष म्हणून पाळले. पोप फ्रान्सिस यांनी त्याची घोषणा करताना श्रीमंत राष्ट्रांना गरीब राष्ट्रांची कर्जे माफ करण्याचे आवाहन केले होते. यात्रा निघाल्या, फलक लागले, गीते झाली. पण योबेल म्हणजे परत करणे, हा त्याचा आशय किती घरांत पोहोचला? किती खरेदीखते फाडली गेली? प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मत्तयच्या मूळ ग्रीक मजकुरात 'ऋण' हाच शब्द आहे. आपण रोज त्याच्या जागी 'अपराध' म्हणतो, आणि त्यामुळे प्रार्थना वहीच्या पानापर्यंत उतरत नाही.

म्हणून, वाचकहो, येत्या पुनरुत्थान सणापूर्वी धर्मग्रामांत दोन गोष्टी व्हाव्यात, असे मी म्हणतो. सावकारीत घेतलेल्या जमिनीची कबुली देणाऱ्याला प्रार्थनेच्या प्रायश्चित्ताबरोबर परतफेडही सांगितली जावी. चोरलेले परत केल्याविना क्षमा पुरी होत नाही, हे आपणा सर्वांना सेमिनरीत शिकवले गेले आहे. आणि जेथे शक्य असेल तेथे पेरणीपुरते कर्ज देणारा एक लहान निधी मंडळींनी उभा करावा, देणग्यांच्या फलकावर नाव न लिहिता.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याने उठायचे आहे. वेदी वाट पाहील. जूनची पेरणी वाट पाहत नाही.